बाल्डर्स गेट ३ : घेण्याआधी आणि अडल्यावर पडणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या गटात शनिवारी रात्री टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचे, गेम चालतात. नवीन कोणी आलं की पहिल्या तासाभरात जवळपास हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हा गेम मला फार आवडतो, आणि तरीही त्याचे दोष लिहिताना हात आखडता घेतलेला नाही. पहिल्या अंकातल्या काही घटना उदाहरणांत येतील. पुढचं काही फोडलेलं नाही.

हा गेम नक्की आहे काय?

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने बनवलेला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन त्याच्या गोष्टीत वावरायचा गेम. पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ रोजी आला, पीएस५ वर त्याच सप्टेंबरात आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरात. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये याला गेम ऑफ द इयर मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी : माइंड फ्लेअर नावाच्या प्राण्यांनी तुम्हाला पळवून नेलंय आणि डोळ्यातून एक अळी मेंदूत सोडलीय. ती वेळेत काढली नाही तर तुम्हीही त्यांच्यातलेच एक होणार. तुमच्यासारखेच अडकलेले आणखी काही जण भेटतात आणि सगळे मिळून उपाय शोधायला निघतात.

पहिले दोन भाग खेळलेले नाहीत. चालेल?

चालेल. ते बायोवेअरने १९९८ आणि २००० मध्ये काढले होते. तिसऱ्या भागाची गोष्ट त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी घडते. दोन-तीन जुनी माणसं भेटतात, पण ओळख नसली म्हणून काही अडत नाही.

मोठा फरक लढाईत आहे. जुन्या भागांत लढाई सलग चालायची आणि हवी तिथे थांबवता यायची. लॅरियनने ती पद्धत सोडून सरळ पाळीपाळीने खेळायची लढाई आणली. जुन्या चाहत्यांतले बरेच जण त्यावर नाराज झाले. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, आणि गेममधल्या बहुतेक चांगल्या गोष्टी त्यातूनच आल्या आहेत. काही वाईट गोष्टीही तिथूनच आल्या.

पाळीपाळीने लढायचं म्हणजे कंटाळा नाही का येत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या पाळीला तुमच्या हातात तीन गोष्टी असतात : ठरावीक अंतर चालणं, एक मुख्य कृती आणि एक छोटी कृती. शिवाय दुसऱ्याच्या पाळीत वापरायची एक प्रतिक्रिया राखून ठेवता येते. एवढंच भांडवल. पण समोरची प्रत्येक वस्तू खरी आहे. जमिनीवर सांडलेलं तेल पेट घेतं. शत्रू भिजलेला असेल तर विजेचा आणि थंडीचा मंत्र त्याला दुप्पट लागतो, म्हणजे आधी पाण्याची बाटली फेकायची आणि मग वीज पाडायची. औषधाची बाटली जखमी मित्राच्या पायाशी फोडली तरी तो बरा होतो, आणि शेजारी दुसरा जखमी असेल तर तोही. कड्याच्या टोकाला उभा असलेला शत्रू नुसता ढकलून संपवता येतो. फक्त त्याच्याकडचं सामानही त्याच्याबरोबर दरीत जातं, तेव्हा तलवार चांगली दिसत असेल तर मोह आवरा.

पहिल्या अंकातली गोब्लिनांची (छोट्या, लुटारू राक्षसांची) छावणी घ्या. तिथे तीन म्होरके आहेत : प्रीस्टेस गट, ड्रोर रॅगझ्लिन आणि मिंथारा. दारातूनच तलवारी उपसून शिरलात तर अख्खी छावणी अंगावर येते, कोणीतरी युद्धाचे नगारे वाजवतं आणि आणखी गोब्लिन धावत येतात. आमच्यातल्या एकीने आधी अंगणातल्या दारूत विष कालवलं. मग एकेक नगारा फोडला. प्रीस्टेस गटला गोड बोलून तिच्या खोलीत एकटीला गाठलं. पिंजऱ्यात अस्वलाच्या रूपात अडकलेल्या हॅल्सिनला सोडवून आपल्या बाजूला घेतलं. हे सगळं गेमने तिला कुठेही सुचवलेलं नव्हतं. तिने विचारलं, ‘असं करता येईल का?’ आणि गेमने प्रत्येक वेळी हो म्हटलं. वेगवान लढाईच्या गेममध्ये हा प्रश्न डोक्यात यायलाही फुरसत मिळत नाही. पाळी तुमची असते तेव्हा जग थांबलेलं असतं आणि त्या थांबलेल्या जगाकडे नीट बघता येतं, हे या प्रकाराचं खरं सुख.

आणखी एक, अगदी इथल्या राहणीला सोयीचं. दारावर कुरिअर आला, आतून आईने हाक मारली, ऑफिसचा फोन आला, तर उठून जा. कोणी तुम्हाला मारणार नाही. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे संध्याकाळी दुसरं काही ऐकू येत नाही, तेव्हाही हा गेम खाली येणारी अक्षरं वाचून निवांत खेळता येतो.

सगळं फाशावर आहे, मग डोकं चालवून उपयोग काय?

वीस बाजूंचा फासा पडतो हे खरं. सारीपाटात दान काय पडेल ते तुमच्या हातात नसतं, पण कुठली सोंगटी हलवायची ते असतं. इथे त्याच्याही पुढे जाऊन दान पडण्याआधी ते आपल्या बाजूला झुकवता येतं. हल्ला करण्याआधी तो लागण्याची टक्केवारी पडद्यावर दिसते. उंचावरून बाण मारलात तर फाशात +२ मिळतात, खालून वर मारलात तर −२. जवळचा शत्रू आडवा पडला असेल किंवा त्याला तुम्ही दिसत नसाल तर दोन फासे पडतात आणि त्यातला मोठा धरला जातो. म्हणजे ५० टक्क्यांवर नशिबाला शिव्या देत बसण्यापेक्षा शिडी चढून वर जा, आधी दिवा विझवा, मग मारा.

सेटिंगमध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय असते, ती सुरुवातीपासून चालूच असते. लागोपाठ वाईट किंवा लागोपाठ चांगले फासे पडू नयेत म्हणून ती आहे. मी ती बंद ठेवतो, कारण सलग तीन वेळा चुकल्यावर जो मार्ग शोधावा लागतो तो मला हवा असतो. नवख्याने चालू ठेवावी.

फासा चुकला की जुना सेव्ह उघडून पुन्हा टाकू का?

तुमचा गेम आहे, पण शक्यतो टाकू नका. इथे बोलणं फसलं तर दार बंद होत नाही, वेगळं दार उघडतं. पहारेकऱ्याला पटवता आलं नाही तर तुम्ही कोठडीत जाता, आणि कोठडीतून निसटणं हा त्या संध्याकाळचा सगळ्यात रंगलेला भाग ठरू शकतो. शिवाय इन्स्पिरेशन नावाचे गुण मिळतात, जास्तीत जास्त चार साठवता येतात आणि एक खर्चून फासा परत टाकता येतो. गेमने दिलेली तेवढी सूट पुरेशी आहे. फक्त एक लक्षात ठेवा : संवादात फाशावर एक पडला की तुमचं कौशल्य कितीही असो, अपयशच.

मग याची सगळ्यात मोठी कमतरता कोणती?

मोठ्या लढाया. आणि त्यामुळे तिसरा अंक.

चार विरुद्ध सहा अशी लढाई असते तेव्हा पाळी भरभर परत येते. वीस-पंचवीस जण मैदानात उतरले की तुमच्या दोन पाळ्यांच्या मध्ये तुम्ही नुसते प्रेक्षक. प्रत्येक गोब्लिन आधी विचार करतो, मग चालतो, मग बाण मारतो, मग चुकतो. त्यांच्या पाळ्या भरभर पुढे नेण्याची सोय मूळ गेममध्ये नाही. त्यात तुमच्या बाजूने लढणारी गावकरी मंडळीही आपापली पाळी घेतात, आणि त्यातलं कोणी उगाच आगीत जाऊन उभं राहिलं की जीव हळहळतो. मन लावून खेळणाऱ्या माणसालाही अशा वेळी मोबाइल उचलावासा वाटतो, आणि लढाईच्या ऐन मध्यात लक्ष दुसरीकडे जाणं हे टर्न-बेस्ड गेमचं सगळ्यात मोठं अपयश आहे.

तिसऱ्या अंकात तुम्ही एकदाचे बाल्डर्स गेट शहरात पोचता. शहर गच्च भरलेलं आहे, दर दुसऱ्या घरात काहीतरी घडतंय, आणि इथेच सगळे धागे एकदम हातात येतात. पहिल्या अंकात प्रत्येक काम पुढच्या कामाकडे बोट दाखवतं. इथे यादीत दहा-बारा कामं एकाच वेळी साचतात आणि आधी कुठलं घ्यावं ते कळत नाही. पात्राची लेव्हल १२ वर थांबते आणि बाजूची कामं करणारा माणूस ती या अंकाच्या पूर्वार्धातच गाठतो. त्यानंतर कितीही लढा, शिकण्यासारखं नवीन काही मिळत नाही. शहराच्या वरच्या भागात मोकळेपणाने हिंडताही येत नाही.

मला असं वाटतं की या गेमचं बळ आणि त्याचा थकवा एकाच मुळातून आले आहेत. इथे सगळं घडू द्यायचं आणि घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवायचा, असं बनवणाऱ्यांनी ठरवलं. पहिल्या अंकात तो हिशेब छोटा असतो, म्हणून प्रत्येक निवडीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. साठ तासांनंतर तो इतका वाढलेला असतो की खेळणाऱ्यालाही पेलत नाही आणि कम्प्युटरलाही. पुढच्या पॅचमधून बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, शेवटानंतरचा एक छान प्रसंगही नोव्हेंबर २०२३ मध्ये जोडला गेला, पण मूळ ओझं तिथेच आहे.

डोक्यात अळी आहे म्हणजे घाई करायची ना?

करू नका! गोष्ट आणि नियम एकमेकांशी भांडतात अशी ही जागा आहे, आणि नवे खेळाडू इथेच फसतात. सगळे तुम्हाला सांगतात की दिवस थोडे उरलेत. प्रत्यक्षात घड्याळ चालू नसतं. उलट सोबत्यांच्या मनातल्या गोष्टी रात्री मुक्कामावर उलगडतात. मुक्काम टाळत गेलात तर त्यातल्या कितीतरी तुम्हाला कधी दिसणारच नाहीत, आणि गेम ते सांगतही नाही. एका मुक्कामाला ४० शिधा लागतो, पण वाटेत इतकं खायला सापडतं की तो कमी पडत नाही.

अपवाद मोजके आहेत. एखादं घर जळताना दिसलं किंवा विषारी वायूत कोणी अडकलंय असं कळलं, तर आधी त्यांना सोडवा, मग झोपा.

सोबती कसे आहेत?

उत्तम. या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. शॅडोहार्ट, लेझेल, ॲस्टारियन, गेल, विल, कार्लॅक यांच्यापैकी कोणीही तुमच्या हो ला हो करायला आलेलं नाही. लेझेल पहिल्या भेटीत उर्मट वाटते. तिला सोडून देऊ नका. ॲस्टारियनचा आवाज दिलेल्या नील न्यूबॉनला त्याच गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि तो का मिळाला हे दुसऱ्या अंकापर्यंत कळतं.

दुष्ट बाजूने खेळलं तर?

पहिल्यांदा नको. तो रस्ता गेमने ठेवलाय, पण त्यावर वस्ती विरळ आहे. विल आणि कार्लॅक सोडून जातात, ज्यांच्या गोष्टी पुढे चालल्या असत्या ती माणसं मेलेली असतात, आणि बदल्यात मिळतं ते थोडं. वाईट वागायचंच असेल तर ‘डार्क अर्ज’ हे पात्र घ्या. त्याच्यासाठी वेगळी गोष्ट लिहिलेली आहे आणि ती फार चांगली आहे. तेही दुसऱ्या खेपेला.

सामानाच्या पिशव्यांनी वैताग आलाय. काही उपाय?

पूर्ण उपाय नाही. सामान सांभाळणं हा इथला खरोखर रटाळ भाग आहे : शंभर कागद, पन्नास चाव्या, कोणाकडे काय आहे ते आठवत नाही. शोधायच्या चौकटीत नाव टाइप करण्याची सवय लावा, आणि लागणार नाही ते तिथूनच मुक्कामावर पाठवून द्या. कॅमेराही दुमजली जागेत त्रास देतो, नीट वर बघू देत नाही. सोबती चालताना सापळ्यात पाय घालतात, तेव्हा धोक्याच्या जागी सगळ्यांना वेगळं करून एकेकाला न्या.

कुठली काठिण्यपातळी निवडू? आणि क्लास (पात्राचा पेशा)?

पाळीपाळीचे गेम आधी खेळला असाल तर ‘बॅलन्स्ड’. नसाल तर ‘एक्सप्लोरर’ घ्यायला संकोच नको, मधे कधीही बदलता येते. बॅलन्स्डवर पात्र पाचव्या लेव्हलला पोचल्यानंतर लढाया सोप्या होत जातात. तसं वाटलं की ‘टॅक्टिशियन’कडे जा.

१२ क्लास आहेत. पहिल्या वेळी फायटर किंवा पॅलडिन घ्या. मंत्रांची यादी पहिल्याच दिवशी अंगावर येत नाही. निवड चुकली असं वाटलं तरी काळजी नाही. किनाऱ्याजवळच्या जुन्या तळघरात विदर्स नावाचा एक गृहस्थ भेटतो. तो पुढे मुक्कामावर येतो आणि १०० सोन्याच्या नाण्यांत तुमचा क्लास नव्याने मांडून देतो. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचने आणखी १२ उपक्लास (क्लासचे पोटप्रकार) आणले, त्यामुळे जुन्या खेळाडूंनाही परत यायला कारण मिळालं.

गुरुवारी दुपारी वीज गेली तर सगळं जाईल का?

साध्या काठिण्यपातळीवर शेवटच्या सेव्हपर्यंत परत जाल, एवढंच. दर लढाईच्या आधी एफ५ दाबा. ‘ऑनर मोड’मध्ये मात्र एकच सेव्ह असतो, मागे जाता येत नाही, आणि सगळे मेले की ती खेप संपली. पेठांमध्ये किंवा उपनगरात जिथे दुरुस्तीसाठी वीज बंद होते, तिथे डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर ऑनर मोडच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या लॅपटॉपवर चालेल?

किमान मागणी जीटीएक्स ९७० आणि ८ जीबी रॅमची आहे. समाधानाने खेळायला आरटीएक्स २०६० सुपरच्या तोडीचं कार्ड आणि १६ जीबी रॅम हवी. १५० जीबी जागा लागते, आणि ती एसएसडीवरच. साध्या हार्ड डिस्कवर टाकून बघू असं म्हणू नका. पहिले दोन अंक मध्यम लॅपटॉपवर बरे चालतात. शहरात शिरल्यावर मात्र ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर ताण येतो, कारण रस्त्यावरच्या एवढ्या माणसांची गणितं त्यालाच करायची असतात. तिथे गर्दी कमी करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो वापरा. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी डाउनलोड सुरू करण्याआधी आपल्या इंटरनेटची महिन्याची मर्यादा बघून घ्यावी.

इंग्रजी जेमतेम आहे. जमेल का?

इथे खरं सांगायला हवं. मराठी नाही, हिंदीही नाही, आणि मजकूर प्रचंड आहे. पण बोलणं सावकाश आणि स्पष्ट आहे, खाली अक्षरं येतात, आणि उत्तर निवडायला हवा तेवढा वेळ मिळतो. आमच्याकडे बारावीतला एक मुलगा नियमांचे शब्द वहीत उतरवून खेळला आणि जमवलं त्याने. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय (असा मंत्र एका वेळी एकच टिकतो, आणि मार बसला की तुटू शकतो), सेव्हिंग थ्रो म्हणजे काय (अंगावर आलेला मंत्र किंवा सापळा चुकवायला पडणारा फासा), एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकली. गेम हे नियम धड शिकवत नाही, ही त्याची आणखी एक उणीव. नावावर माउस नेऊन टी दाबा, आतली माहिती वाचा, घाई करू नका.

चौघांनी मिळून खेळायचंय. कसं असतं?

चौघांना जागा आहे, आणि आठव्या पॅचपासून पीसीवाला व पीएस५ वाला एकत्र खेळू शकतात. वाकडहून कोथरूडला शनिवारी संध्याकाळी यायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, म्हणून आमचे निम्मे लोक घरूनच जोडले जातात. लढाईत शेजारशेजारच्या पाळ्या एकत्र खेळता येतात, त्यात फार मजा येते.

अडचण संवादांची. समोरच्या पात्राशी जो आधी बोलेल त्याचंच बोलणं चालतं, बाकीचे ऐकतात. त्यामुळे सगळ्यात उतावळा माणूस गोष्टीचा नायक होऊन बसतो. बोलण्याचं काम कोणी करायचं ते आधी ठरवा. आणि एकट्याने खेळायची खेप वेगळी ठेवा, कारण गटात सोबत्यांच्या गोष्टींना जागा फार कमी उरते.

घरात लहान मुलं आहेत. त्यांच्यासमोर खेळू का?

नको. गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. रक्तपात आहे, नग्नता आहे. नग्नता सेटिंगमधून झाकता येते, हिंसा येत नाही.

असं काही पुण्यात बनू शकेल का?

इंजिनिअरिंगची मुलं हे हटकून विचारतात. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला होता. तो मारधाडीचा आहे, टर्न-बेस्ड नाही, पण आपल्या पुराणांतलं जग त्यात प्रेमाने उभं केलंय. बाल्डर्स गेट ३ एवढा डोंगर उचलायला वेगळी ताकद लागते. लॅरियन १९९६ पासून गेम बनवतंय, आणि हा गेम पूर्ण व्हायच्या आधी जवळपास तीन वर्षं, ऑक्टोबर २०२० पासून, त्याचा पहिला अंक विकत घेऊन खेळणाऱ्यांच्या हातात होता. पाळीपाळीचा छोटा, दहा तासांचा गेम मात्र चार-पाच मित्रांच्या आवाक्यात आहे. कोणी करत असेल तर आम्ही खेळून बघायला आणि मनापासून मत द्यायला तयार आहोत.

आत्ताच घेऊ, की आधी स्वस्तातलं काही खेळून बघू?

पीसीवर किंमत ३,००० रुपयांच्या आसपास आहे. एकदा घेतला की आत वेगळे पैसे मागत नाही. शंका असेल तर याच स्टुडिओचा २०१७ चा ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’ सेलमध्ये घ्या. त्यात आवाज आणि अभिनय इतका भारी नाही, पण लढाई तितकीच खोल आहे आणि तो जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

थेट हाच घेणार असाल तर स्टीमवरून घ्या. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास चेहरा आणि केस ठरवण्यात घालवू नका. तयार चेहरा उचला, माइंड फ्लेअरांच्या जहाजातला सुरुवातीचा भाग उरका, किनाऱ्यावर शॅडोहार्टला सोबत घ्या आणि ड्रुइडांच्या (निसर्गाची जादू जाणणाऱ्यांच्या) वस्तीच्या दारापर्यंत पोचा. तिथे गोब्लिनांशी पहिली खरी लढाई होते. ती खेळा, आणि मग ठरवा.